तारीख, ठिकाण, साक्षीदार : मानवी हक्कांचं शिक्षण आतून

मानवी हक्क शिकणारी मुलं-मुली पहिल्यांदा गावात जबाब घ्यायला निघतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन कालनिर्णय टाकायला सांगतो. एक चालू वर्षाचं, एक गेल्या वर्षाचं. मार खाल्लेला माणूस म्हणतो, तारीख काही आठवत नाही. मग विचारायचं, पोळ्याच्या आधी की नंतर? विदर्भातला माणूस असेल तर चटकन सांगतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती, त्याच संध्याकाळी. पान उलटलं की ३ सप्टेंबर २०२४ ही तारीख हाती येते. आठवडी बाजार, पगाराचा दिवस, रेशन आल्याचा दिवस, मुलाच्या परीक्षेचा पेपर, अशा खुंट्यांना बांधून तारीख पक्की करता येते.

एवढा खटाटोप तारखेसाठी का, याचं उत्तर कायद्यात आहे. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम ३६(२) प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटून गेलं की मानवी हक्क आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. अन्याय कितीही मोठा असो, तारीख चुकली किंवा उशीर झाला की दार बंद. या विषयाचं शिक्षण म्हणजे मोठे शब्द पाठ करणं नव्हे. तारीख, ठिकाण, साक्षीदार आणि कागद बिनचूक मांडायला शिकणं हे त्याचं खरं काम. नोकरीही शेवटी त्याच्याच बळावर मिळते.

अभ्यासक्रम निवडताना सर्वांत मोठी चूक होते ती नावावर जाण्याची. पदवीच्या नावात ‘मानवी हक्क’ आहेत की नाहीत, याला फारसं महत्त्व नाही. पदवीनंतर आपण कुठल्या टेबलाशी बसणार आहोत, हे आधी ठरवावं. न्यायालयात उभं राहायचं असेल तर एलएलबीला पर्याय नाही. मानवी हक्कांत एमए केलेल्या माणसाला वकीलपत्र दाखल करता येत नाही, आणि दोन वर्षं घालवल्यावर हे कळून हळहळणारी मुलं दरवर्षी भेटतात. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, मग वकिलीची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा, असा तो रस्ता आहे. सनदेच्या नोंदणीला राज्य वकील परिषदेने ७५० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ पेक्षा जास्त नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गरीब घरातल्या मुलांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

लोकांमध्ये राहून काम करायचं असेल तर समाजकार्याची पदवी जास्त उपयोगी पडते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी ठिकाणं आहेत. तिथे क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा असतो, आठवड्यातले ठरावीक दिवस बाहेर जावंच लागतं. मानवी हक्क याच विषयात एमए करायचं तर चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, अलीगढ मुस्लीम विद्यापीठ, लखनौचं बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ अशी नावं समोर येतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची मानवी हक्क कायद्यातली पदव्युत्तर पदविका आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. शिक्षक, पत्रकार, ग्रामसेवक, परिचारिका यांना या पदविकांचा चांगला उपयोग होतो, कारण काम त्यांच्या हातात आधीच असतं. पदवी संपवून नुसती पदविका घेतलेल्या मुलाला मात्र तेवढ्यावर कुणी नोकरीवर घेत नाही.

पहिलं सत्र तात्त्विक असतं आणि तिथेच निम्मा वर्ग कंटाळतो. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा, त्यावरचे १९६६ चे दोन करार, राज्यघटनेचा तिसरा आणि चौथा भाग, म्हणजे मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात फक्त पुरुषांपुरता वाटणारा शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ असा अर्थ आला, तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे, हे सांगितलं की मुली कान टवकारतात. इतकंच महत्त्वाचं आणखी एक वाक्य १९९३ च्या कायद्यातल्या व्याख्येत आहे. आयोगापुरते मानवी हक्क म्हणजे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित असे हक्क, जे घटनेने हमी दिलेले आहेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत, आणि भारतातल्या न्यायालयांमार्फत अमलात आणता येतात. या शेवटच्या अटीवर पुढे बरंच काही अडतं. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक मानल्याची अंतिम संमती, अजून दिलेलं नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या करार समित्यांकडे एकट्या नागरिकाने तक्रार नेण्याची जी सोय आहे, तीही भारताने स्वीकारलेली नाही. त्यामुळे ‘आपलं प्रकरण जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांपुढे नेऊ’ असं स्वप्न घेऊन आलेल्या मुलांना पहिल्याच महिन्यात समजावून सांगावं लागतं, की तिथे विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर नेमलेल्या तज्ज्ञांना, पत्र पाठवता येतं, सरकारच्या अहवालाला पर्यायी अहवाल देता येतो, खटला चालवता येत नाही. प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा तिथे ठरावीक काळाने आढावा होतो, त्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यासाठी एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा आहे, संयुक्त निवेदनाला ५,६३०. तीनशे पानांचं दुःख २,८१५ शब्दांत बसवणं ही या विषयातली सर्वांत कठीण लेखनपरीक्षा आहे, आणि ती इंग्रजीत द्यावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी म्हणून पहिल्या सत्रापासून रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय लावावी. वाचून भाषा येते, पण मसुदा लिहूनच जमतो.

खरं शिक्षण दुसऱ्या सत्रात सुरू होतं, सत्यशोधनाला, म्हणजे घटनेच्या गावी जाऊन माहिती पडताळायला गेल्यावर. चार जणांचा गट, त्यात निदान एक स्त्री, आणि गावातली बोली समजणारा एक जण. जाण्याआधी प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत मिळवायची. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवली जाते. अत्याचारग्रस्त बाईला तीच हकिगत चार वेळा सांगायला लावणं हाही एक छळच आहे, म्हणून एकानेच विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, बाकीच्या दोघांनी शेजारी, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांच्याकडे जायचं. पहिली वीस मिनिटं मध्ये बोलायचं नाही. माणूस उलटसुलट सांगेल, रडेल, तिसऱ्याच भांडणाविषयी बोलेल, सांगू द्यायचं. त्यानंतर क्रम लावायचा. ‘तुम्हाला खूप मारलं ना?’ हा प्रश्न बाद. ‘कशाने मारलं, कुठे लागलं, तेव्हा खोलीत कोण होतं?’ असं विचारायचं. जबाब लिहून झाला की तो त्याच्याच भाषेत वाचून दाखवायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि मग सही किंवा अंगठा.

इथे हमखास एक घोळ होतो. मारहाणीनंतर माणूस ग्रामीण रुग्णालयात जातो तेव्हा सोबत पोलीस असतो, किंवा मनात धाक असतो. डॉक्टरांना तो सांगतो, ‘पडलो’. केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. वर्षभराने तक्रारीत पट्ट्याचा मार आणि केसपेपरवर पडल्याची नोंद, अशी विसंगती दिसली की समोरचा पक्ष तिथेच बोट ठेवतो. ही विसंगती लपवायची नाही. रुग्णालयात काय सांगितलं, का सांगितलं, तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे त्या माणसाच्या जबाबातच यायला हवं. जखमेचं वर्णन पडल्याशी जुळतं की माराशी, हे दुसऱ्या डॉक्टरला विचारून घ्यावं.

दुसरा धोका मोबाइलचा. बलात्कार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहेच. नाव बदललं, पण घराचा फोटो, शाळेचा गणवेश किंवा गावाचं नाव अहवालात राहून गेलं, तरी ओळख पटते. मुलं हे मुद्दाम करत नाहीत, उत्साहात करतात. म्हणून अहवाल पाठवण्याआधी गटाबाहेरच्या एकाने केवळ ओळख पटते का, एवढ्याच नजरेने तो वाचावा.

यानंतर येते तक्रार. पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक जण असं लिहितो: ‘पोलिसांनी अमानुष अत्याचार करून पीडिताच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली केली.’ या वाक्यात आयोगाला तपासता येईल असं काहीच नाही. तीन वेळा खोडल्यावर ते असं होतं: ‘३ सप्टेंबर २०२४ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास गणवेशातले दोन पोलीस घरी आले. अटकेचं कारण सांगितलं नाही, अटक पंचनामा केला नाही. रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. डाव्या पोटरीवर पट्ट्याने मारलं. ४ सप्टेंबरचा ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर सोबत जोडला आहे.’ विशेषणं गेली आणि डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत घालून दिलेल्या नियमांपैकी कोणते मोडले, ते आपोआप दिसू लागलं.

आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि राष्ट्रीय आयोगाकडेही ती मराठीत करता येते. पीडिताच्या वतीने कुणीही करू शकतं. तरीही बऱ्याच तक्रारी दारातच परत जातात, त्याची कारणं ठरलेली आहेत. निनावी किंवा संदिग्ध तक्रार, मालमत्तेचा दिवाणी वाद, नोकरीतल्या बढती-बदलीचं गाऱ्हाणं, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, आणि ज्यात शासकीय सेवकाचा संबंधच नाही असा मामला. एक कारण ऐकून मुलांना नवल वाटतं: जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेल्या अर्जाखाली ‘प्रत माहितीसाठी : मानवी हक्क आयोग’ एवढंच लिहिलं, तर ती तक्रार धरली जात नाही. आयोगाच्या नावाने स्वतंत्र अर्ज लागतो. आणि राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग तेच हाती घेत नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकदम पाठवून काही साधत नाही. महाराष्ट्राचा आयोग मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. आयोग नुकसानभरपाईची किंवा खटला भरण्याची शिफारस करतो, शिक्षा देत नाही, हे पीडिताला पहिल्या भेटीतच सांगावं. न सांगता आशा लावून ठेवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होतो.

तुरुंगातलं काम ज्याला करायला मिळतं, तो या विषयाकडे पुन्हा वरवर पाहत नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत परवानगी निघते, मोबाइल दारातच ठेवावा लागतो, आत जातात फक्त वही आणि पेन. समोर कच्चा कैदी बसतो, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असा. नाव, वडिलांचं नाव, कलम, अटकेची तारीख, वकील कोण, पुढची तारीख. इतकं लिहिलं की हिशेब मांडायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं, इतरांना निम्मा काळ झाल्यावर जामीन. घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं आहेत. म्हणजे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं चार महिने, एरवी तीन वर्षं सहा महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. हिशेब पूर्ण झाल्यावर न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे.

हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी. तुरुंगाच्या नोंदवहीत तुरुंगात दाखल झाल्याची तारीख असते, त्याआधीचे पोलीस कोठडीचे दिवस तिथे दिसत नाहीत, ते रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या आदेशाच्या, कागदावरून घ्यावे लागतात. आणि नावाचं स्पेलिंग दोन वॉरंटवर वेगळं असेल तर एकाच माणसाचे दोन माणूस होतात किंवा दोघांचा एक. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच, याचं कारण बहुतेकदा जामीनदार नसणं हे असतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा स्वतःहून विचार करावा. हा आदेश हातात असलेली विद्यार्थिनी एका दुपारी सहा जणांची यादी करून सचिवांच्या टेबलावर ठेवू शकते. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत अशाच कामात आहे. इथे शिकायला जागा मिळाली तर सोडू नये.

प्रबंधाचा विषय घेताना मुलं ‘भारतातील आदिवासींचे मानवी हक्क’ असं काहीतरी आणतात. त्याऐवजी एक तालुका घ्यावा आणि एकच प्रश्न: वनहक्काचे फेटाळलेले दावे कोणत्या कारणांनी फेटाळले? २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांनुसार फेटाळल्याचं कारण दावेदाराला लेखी कळवावं लागतं आणि अपिलाला ६० दिवस मिळतात. गावातल्या वृद्धांचं लेखी कथनही पुरावा म्हणून चालतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा कोणती कागदपत्रं लागली हे वाचून शेजारच्या तालुक्याची फाइल उघडली की फरक आपोआप दिसतो. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच सत्रात टाकावा. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाच्या निकालाला ३० ते ४५ दिवस, म्हणजे अडीच महिने गृहीत धरायचे. दुसरं अपील लागलं तर प्रबंध जमा होईपर्यंत काही हाती येत नाही. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. चार विषय एका अर्जात कोंबले की तो परत येतो. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, पण तसं कारणासह अर्जाच्या माथ्यावर लिहायला हवं.

राष्ट्रीय आयोगाची उन्हाळी आणि हिवाळी इंटर्नशिप असते, शिवाय दोन आठवड्यांची ऑनलाइन. ती करावी, पण तेवढीच करू नये. प्रमाणपत्र मिळतं, संस्था कशी चालते ते दिसतं. हात मात्र बसतो तो जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिलाच्या मागे सहा महिने फिरल्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयात जिनिव्हाला इंटर्नशिप मिळाली तर मान मोठा, पण ती बिनपगारी असते आणि शहर महाग आहे. ज्याच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत त्याने त्यामागे धावून कर्ज करू नये. परदेशी शिक्षणासाठी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून पदवी संपताच अर्ज करण्यात अर्थ नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

नोकऱ्यांचं खरं चित्र सांगायला हवं. मानवी हक्क आयोगांमध्ये थेट भरती फार थोडी, बरीच पदं प्रतिनियुक्तीने, म्हणजे दुसऱ्या खात्यांतली माणसं काही काळ आणून, भरतात. वकिलांसाठी सध्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी विधी सहाय्य बचाव वकील योजना. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ती २०२२ मध्ये आणली, आणि त्यात सहायक पदाला तीन वर्षांपर्यंतची वकिली असलेले नवे वकील घेतात. मानधन ठरलेलं, काम पूर्णवेळ, आणि अशिलाकडून पैसा घ्यायचा नाही. फौजदारी खटला चालवायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. उपपदाला सात वर्षं, मुख्य पदाला दहा वर्षं वकिली लागते. दिवाणी न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, हे एलएलएमकडे, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीकडे, वळण्याआधी ध्यानात घ्यावं.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. त्यातलं विधी तथा परिविक्षा अधिकारी हे पद कंत्राटी आहे, योजनेतलं मानधन महिना २७,८०४ रुपये. पैसा कमी, पण बालकाला न्याय मंडळापुढे कसं उभं करायचं हे इथे शिकायला मिळतं. अध्यापनात जायचं तर नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेला ‘मानवी हक्क आणि कर्तव्ये’ हा ९२ क्रमांकाचा विषय आहे. मात्र महाविद्यालयांच्या जाहिराती बहुतांशी राज्यशास्त्र, विधी किंवा समाजकार्याच्या नावाने निघतात, त्यामुळे त्यांपैकी एका विषयाची पदव्युत्तर पदवी हाताशी असावी. कंपन्यांमध्येही काम वाढतं आहे. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना जो शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं आहे. ठेकेदाराच्या मजुरांचे हजेरीपट वाचता येणारा माणूस तिथे लागतो. केवळ इंग्रजी चांगलं असणारा पुरत नाही.

स्वयंसेवी संस्थांविषयी सगळ्यात जास्त प्रश्न येतात. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परकीय निधी पुढे देणंही बंद झालं. मोठ्या संस्थेकडून पैसा घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्थांची मुळंच त्यामुळे तुटली. म्हणून मुलाखतीला गेल्यावर पगाराच्या आधी विचारावं: हे पद कोणत्या प्रकल्पाच्या निधीतून आहे, तो प्रकल्प कधी संपतो, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का. हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. दुसऱ्यांच्या किमान वेतनासाठी भांडणाऱ्याने स्वतःचा करार नीट वाचलाच पाहिजे.

अभ्यासक्रम दोन वर्षांत संपतो, प्रकरणं संपत नाहीत. म्हणून शेवटच्या महिन्यात प्रत्येक फाइल पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची असते. पहिल्या पानावर घटनेची तारीख, तक्रार पाठवल्याची तारीख, आयोगाचा नोंदणी क्रमांक, पुढची सुनावणी, पीडिताला फोन कुठल्या वेळी केलेला चालतो, आणि त्याने काय करू नका म्हणून सांगितलं आहे, एवढं लिहायचं. मूळ कागद त्याला परत, आपल्याकडे फक्त प्रती. मग जुन्या आणि नव्या दोघांनी मिळून त्याच्या घरी जाऊन सांगायचं, की यापुढे ही ताई येईल.